वाट्याला आलेली तिजोरी

टच्.

एवढंच. पाळण्यातला धाकटा नुकताच निजला होता, मेरिम उंबऱ्यात जर्दाळूच्या बियांची रांग लावत होती आणि मी परातीत कणिक तिंबत होते. तीन दिवसांनी पाऊस उघडला होता. घरात इतकं शांत होतं की तो आवाज मला बोटांत जाणवला. हात तसेच कणकेत ठेवून मी भिंतीकडे पाहिलं.

फेब्रुवारीत जिल्ह्याहून एक माणूस आला होता. भिंतीला गेलेल्या भेगेवर त्याने बोटभर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना गिलाव्याचा गोळा लावून. "ही तुटली की समजायचं, डोंगर निघाला," तो म्हणाला होता. "मग भांडी शोधत बसायचं नाही." तेव्हापासून रोज सकाळी मी ती पट्टी ओल्या फडक्याने पुसत होते, लेकराचं नाक पुसावं तशी हलक्या हाताने. आता तिच्या मधोमध केसाएवढी रेघ होती.

"आई, काच हसली," मेरिम म्हणाली.

"आत ये. धाकट्यापाशी बस."

"का?"

"बस म्हटलं ना."

सासरे अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होते. मी सांगितलं तसे आत आले, काचेवर अंगठा फिरवला, अंगठ्याला आलेलं रक्त पॅन्टला पुसलं. मला वाटलं, आता म्हणतील, पोरं घे आणि चल.

"कुबातला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, सापारला ट्रॅक्टर घेऊन यायला सांग. तिजोरी आजच हलवायची."

गावात आमचं एकच घर उरलं होतं. बाकीचे एकोणतीस उंबरे महिन्याभरात नदीपलीकडे नव्या वस्तीत गेले होते. पत्रे, दारं, खिडक्या, कुत्र्यांसकट. जाताना लोकांनी चुलीसुद्धा फोडून विटा नेल्या. आमचंही सगळं तिकडे गेलं होतं. गाद्या, संदूक, कोंबड्या. राहिलो होतो आम्ही, पाळणा, परात आणि ती.

ती म्हणजे छातीएवढी उंच, हिरव्या रंगाची, सात-आठ क्विंटलची लोखंडी तिजोरी. तीस वर्षांपूर्वी गावाचं सामूहिक शेत मोडलं तेव्हा सगळ्यांना त्याच्या मालमत्तेतले वाटे मिळाले. कुणाला गाय मिळाली, कुणाला पाच मेंढ्या, आणि चार भावांच्या एका घराला ट्रॅक्टरची चार चाकं. सासरे कचेरीचे रखवालदार होते. रांगेत शेवटी उभे राहिले, त्यांच्यापर्यंत येईतो कचेरीत फक्त तिजोरी उरली होती. बारा माणसं आणि दोन घोडे लावून ती त्यांनी इथे आणली, उघड्या जमिनीवर ठेवली आणि मग तिच्याभोवती घर बांधलं. ती बाहेर जाईल एवढं दार त्या घराला कधी ठेवलंच नव्हतं. गाव हसलं. तीस वर्षं हसत होतं. तिच्यात आम्ही साखर ठेवायचो, उंदरांना कुलूप उघडत नाही म्हणून.

माझा नवरा कुबात आला तो धापा टाकतच. काच बघितली, मग वर डोंगराकडे. डोंगराच्या कमरेला जी भेग होती, ती परवापर्यंत माणूस एका टांगेत ओलांडत होता. आता पलीकडचा काठ हातभर खाली बसला होता. अंगणातल्या झऱ्याचं पाणी सकाळपासून दुधाच्या चहासारखं येत होतं.

"बाबा, तुम्ही आधी खाली चला," तो म्हणाला. "तिजोरी मागून आणू."

"मागून काही येत नसतं."

"आहे काय तिच्यात? साखर. आईचा एक रुमाल."

"तिच्यात काय आहे ते मी बोललो का? ती माझा वाटा आहे. ती इथे राहिली तर मीही इथेच."

कुबातने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार. सुनेने सासऱ्यापुढे डोळे वर करायचे नसतात. मी पाळण्याची दोरी सोडायला लागले. ह्या माणसाला हात धरून कुणी खाली नेऊ शकणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिजोरी उतरेल तेव्हाच तो उतरणार, आणि तो उतरेपर्यंत माझा नवरा उतरणार नाही.

दुपार कलताना सापारकाका ट्रॅक्टर घेऊन आले. ते नदीपलीकडच्या गावचे, सासऱ्यांच्याच वयाचे, जिभेला हाड नसलेले. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. "काय रे तोक्तोसून, अजून इथेच? नावातच 'थांब' आहे म्हणून डोंगरालाही सांगितलंस का, थांब जरा, माझी ही लोखंडी बायको अजून आत आहे?"

"तोंड कमी चालव, दोर काढ," सासरे म्हणाले.

त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती. हा तरी राहावा म्हणून आईने नाव तसं ठेवलं, आमच्या बोलीत त्याचा अर्थच 'थांबो'. मी ह्या घरात आले त्या दिवसापासून ते नाव आणि त्या नावातला तो शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून घेत नाही. नावासारखा ऐकू येणारा शब्दही घेत नाही. ज्या सुनेच्या सासऱ्याचं नाव बोरू, म्हणजे लांडगा, असतं ती लांडग्याला 'ओरडणारा' म्हणते. माझी गाठ रोजच्या वापरातल्या शब्दाशी पडली. गाय अडवायची झाली की मी म्हणते, उभी राहा. मेरिम नदीकडे पळाली की, उभी राहा. पहिल्या वर्षी जीभ अडखळायची. सात वर्षांत ती अशी वळली की स्वप्नातसुद्धा मी 'उभी राहा' असंच ओरडते.

भिंत फोडायला तासाहून जास्त लागला. माती ओली होती, पहार लागली की ढेकळं नुसती गळून पडायची. तुटलेल्या काचेची पट्टी कुठे पडली ते दिसलं नाही. तिजोरीला तारेचा दोर बांधून सापारकाकांनी ती भगदाडातून बाहेर ओढली, तेव्हा ती तोंडावर आडवी झाली.

"उभी कर, सापार, उभी," सासरे ओरडले. ट्रॅक्टर पुढे सरकला, दोर ताणला आणि ती उभी राहिली. मग गवत ओढायच्या, दोन ओंडक्यांवर घसरणाऱ्या बिनचाकाच्या गाडीवर तिला पाठीवर निजवायची होती. ती वाकडी बसली. पुन्हा "उभी, उभी." पुन्हा ती उठली. तिसऱ्यांदा नीट निजली. ट्रॅक्टरचा तारेचा दोर तिच्या वरच्या अंगाला तसाच राहू देऊन कुबातने चारी बाजूंनी दोर आवळले.

"एवढी सेवा स्वतःच्या बायकोची केली असतीस," सापारकाका म्हणाले, "तर ती आणखी दहा वर्षं जगली असती."

सासरे वाकले. पाचर आणि हातोडा उचलला आणि चालू लागले.

आमच्या अंगणापासून नदीच्या पुलापर्यंत एकच बोळ उतरतो. तिजोरी न्यायला मागवलेला ट्रक पुलापाशी उभा होता, त्याला वर येण्याजोगी वाट राहिली नव्हती. म्हणून ट्रॅक्टर वर अंगणात राहणार, दोर सोडत हळूहळू मागे येणार आणि गाडी बोळातून खाली सरकणार. पण अंगणाच्या कोपऱ्याशी बोळ वळतो. सापारकाकांना गाडी दिसणार नव्हती.

"तू कोपऱ्यावर उभी राहा," कुबात मला म्हणाला. "मी खालून सांगेन, तू वर ओरडून सांग. दोनच शब्द आहेत. 'सोडा' आणि 'थांबा'."

मी मानेने सासऱ्यांकडे खूण केली.

त्याला उमगायला एक क्षण लागला. मग तो हसला, त्या दिवसातलं एकदाच. "आज म्हण गं. डोंगर बघतोय, लोक नाही."

"ते इथेच आहेत," मी पुटपुटले. सासरे चार पावलांवर पाचरी मोजत होते. "मी 'उभे राहा' म्हणेन. तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगतो," तो म्हणाला आणि पहार घेऊन खाली गेला. सापारकाकांना त्याने काही सांगितलं नाही. मीही पुढे होऊन सांगितलं नाही. परक्या पुरुषापाशी जाऊन, अहो, मला अमका शब्द चालत नाही, असं कसं बोलायचं? लाज वाटली. ही एवढीशी लाज.

धाकट्याला मी पाठीशी बांधलं होतं. मेरिम माझ्या झग्याचं टोक धरून होती. दोघांना पुलापाशी पाठवावं असं मनात येत होतं, पण नजरेआड करायची हिंमत होत नव्हती. दूध दाटून पोलकं भिजलं होतं, वारा लागला की गार पडत होतं. वर कुठेतरी एकेक दगड सुटत होता. सुटलेला दगड गवतातून येताना आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. प्रत्येक वेळी मी मान वर करत होते.

"सोडा," मी ओरडले.

गाडी हलली. चिखलात तिचा आवाज म्हैस पाय ओढत चालते तसा. एका बाजूला कुबात, दुसऱ्या बाजूला सासरे, दोघांच्या हातात पहारी. वीसेक पावलांवर कुबातने हात वर केला. मी डोक्याचा रुमाल काढून हलवला आणि म्हणाले, "उभे राहा, काका." सापारकाका मागे वळून बघतच होते, त्यांना रुमाल दिसला, ट्रॅक्टर उभा राहिला. जमलं. पुन्हा "सोडा". पुन्हा रुमाल. मेरिम म्हणाली, "आई, मलाही रुमाल दे ना," आणि मी तिला हसून म्हणाले, "घरी गेल्यावर."

गाडी आणखी खाली गेली तशी मला कोपऱ्यावरून ती दिसेना. मी पाच-सहा पावलं वळणाच्या आत उतरले. आता कुबात दिसत होता. सापारकाका दिसत नव्हते. रुमाल हातात होता, पण तो आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता. फक्त आवाज.

तिथे पावसाने बोळाची डावी कड खाल्ली होती. गाडीचा डावा ओंडका त्या घळीत गेला. एकदम नाही, हळूच. तिजोरी डावीकडे कलली, दोर कुरकुरले. कुबात घळीत उतरला आणि खांदा लावून उभा राहिला, सात-आठ क्विंटलला एक माणूस खांदा लावून.

"थांबव त्यांना," तो म्हणाला. ओरडला नाही. श्वासच नव्हता ओरडायला.

मी तोंड उघडलं. शब्द दातांपर्यंत आला. समोर सासरे, पाचर घेऊन, तोंड माझ्याकडे.

"उभे," मी किंचाळले. "काका, उभे राहा, उभे."

आता सुचतं, 'बस' म्हणता आलं असतं. 'नको' म्हणता आलं असतं. नुसतं ओरडता आलं असतं. तेव्हा जिभेवर सात वर्षांची वाट होती आणि ती त्याच वाटेने गेली.

वर इंजिनाचा आवाज बदलला. जड झाला. दोर जमिनीवरून उचलला गेला, ताठ झाला, त्याच्यावरचा चिखल शिंतोड्यांनी उडाला. सापारकाकांनी 'उभी' ऐकलं होतं. अंगणात तीनदा ऐकलं तसंच. ते तिला उभी करत होते.

आवळलेले दोर एकेक करून तुटले. आजारी माणूस अंथरुणावर उठून बसतो तशी ती वरच्या अंगाने उठली, आणि बोळात उभी राहिली. वळणामुळे दोर तिरका होता. तो तिला फिरवत होता, कुबातकडे. सासरे पाचर घेऊन धावले. घळीच्या काठाशी, तिच्या पायाशी पाचर सरकवायची एवढंच बाकी होतं. दोन पावलं.

"थांब," मी ओरडले. "थांब, थांब."

वर इंजिन बंद पडलं. आणि सासरे थांबले.

जागच्या जागी. पाचर पुढे धरलेली, एक पाय उचललेला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणीतरी खूप लांबून हाक मारली तर माणूस बघतो ना, तसं.

दोर सैल पडला. तिजोरी क्षणभर झुलली. मग घळीत गेली.

कुबात उडी मारून मागे झाला. उजवा पाय सोडून सगळा मागे झाला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सासरे हातांनी चिखल उपसत होते, कुत्र्यासारखे, दोन्ही पायांमधून मागे. सापारकाका धावत आले आणि माझ्यापुढे उभे राहून ओरडू लागले, "तूच म्हणालीस ना उभी कर? सगळ्यांदेखत म्हणालीस. मी बहिरा आहे का?" मग त्यांनी घळीत बघितलं आणि टोपी काढून तोंडात धरली. दोघांनी पहारी घालून ती चार बोटं उचलली. मी कुबातच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. पाठीवर धाकटा रडून रडून काळानिळा झाला होता. कुबात रडत नव्हता. त्याचे ओठ पिठासारखे पांढरे होते आणि तो मला सारखं सांगत होता, "बूट काढू नकोस. बूट तसाच राहू दे." मी त्या बुटाकडे पाहिलं नाही. बुटातून काय गळत होतं तेवढं पाहिलं.

तिजोरीसाठी आलेल्या ट्रकने त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. सापारकाका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दोन पोरांना घेऊन मला वर जागा नव्हती.

ट्रक दिसेनासा झाल्यावर मी मागे वळले. सासरे बोळात उभे होते. तिजोरी घळीत उलटी पडली होती, चारी पाय आभाळाकडे. वरून पुन्हा दगड सुटला, ह्या वेळी त्याच्यामागून माती आली, बराच वेळ येत राहिली.

"बाबा, चला," मी म्हणाले. डोळे वर करून म्हणाले.

त्यांनी तिजोरीकडे पाहिलंही नाही. मेरिमला कडेवर घेतलं आणि पुढे चालू लागले. तीस वर्षं जिच्यासाठी हसू झेललं तिला तशीच टाकून. पुलावर आल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, तू मला हाक मारलीस."

"मी सापारकाकांना..."

"माहीत आहे." त्यांनी मेरिमला दुसऱ्या कडेवर घेतलं. "सात वर्षांत पहिल्यांदाच माझं नाव तुझ्या तोंडून आलं. पाय उचललाच नाही गेला."

ती पाचर त्यांच्या हातातच होती. मी म्हणाले नाही की टाका. त्यांनीच पुलावरून ती नदीत सोडली, आवाज न करता.

ते थांबले नसते तर पाचर बसली असती, आणि तिजोरी पडली नसती. किंवा बसली नसती, आणि ते दोघंही तिच्याखाली असते. हे मी रात्रंदिवस उलटंपालटं करते. भाकरी उलटते तसं. एकही बाजू भाजून निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापारकाकांचा फोन आला. पाय घोट्याच्या वरून काढला. माणूस वाचला. ते रडत होते की हसत होते, कळलं नाही. सासऱ्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन नव्या घराच्या भिंतीला पाठ लावून बसले. भिंत अजून ओली होती, त्यांच्या पाठीवर चुना लागला.

डोंगर त्याच दुपारी गेला. आम्ही इथूनच बघितला. आवाज उशिरा आला. आधी जर्दाळूची झाडं चालू लागली, उभीच्या उभी, मोहरासकट, जशी काही लग्नाला निघाली आहेत. मग आमचं छप्पर फिरलं, मग धूळ. बोळ, घळ, तिजोरी, अंगणात राहिलेला ट्रॅक्टर, सगळं. सासऱ्यांनी दुवा मागून झाल्यावर फिरवतात तसे दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली फिरवले आणि आत येऊन चहा मागितला. मी चहा ओतला. बशीत सांडला. त्यांनी तो तसाच घेतला.

मी नव्या खोलीत जमिनीवर बसले, धाकट्याला छातीशी घेतलं. दूध येत नव्हतं. कालपासून येत नव्हतं. तो ओढत होता, सोडत होता, माझ्याकडे रागाने बघत होता. खिडकीला अजून काच नव्हती, प्लॅस्टिकचा कागद लावला होता, तो वाऱ्याने आत-बाहेर श्वास घेत होता. मेरिम शेजारी येऊन बसली. माझा रुमाल तिने कधीतरी उचलून आणला होता, चिखलाने कडक झालेला. त्याची घडी घालत होती, मोडत होती.

"आई," ती म्हणाली, "आजोबांचा तो शब्द तुला म्हणायचा नसतो ना?"

"नसतो."

"मला चालतो?"

"तू लेक आहेस ह्या घरची. तुला सगळं चालतं."

तिने घडी पुरी केली, गुडघ्यावर ठेवली, तळहाताने दाबून सपाट केली.

"मी तुझ्या शेजारीच होते," ती म्हणाली. "मला खूप मोठ्याने ओरडता येतं. मग मला का नाही सांगितलंस, तू म्हण म्हणून?"